कायद्याबाहेरचे आकाश : वझिरीस्तानातील हवाई दंडनीतीचा इतिहास

मानवरहित विमानातून, म्हणजेच ड्रोनमधून क्षेपणास्त्र सोडून परदेशातील निवडक माणसांना ठार मारण्याची पद्धत एकविसाव्या शतकाच्या आरंभी जगापुढे आली, तेव्हा तिच्याविषयीची बहुतेक चर्चा यंत्राभोवती घोटाळत राहिली. हजारो मैल दूर बसलेला चालक, पडद्यावर दिसणारे लक्ष्य आणि मारणाऱ्याला नसलेला धोका या गोष्टी इतक्या नव्या वाटल्या, की कायद्याचे आणि नीतीचे सारे प्रश्न जणू त्या यंत्रासोबतच जन्मले असावेत असा समज पसरला. तथापि, ज्या डोंगराळ प्रदेशावर ही पद्धत दीर्घकाळ राबवली गेली त्या वझिरीस्तानचा इतिहास पाहिला, तर हा समज टिकत नाही. तेथील लोकांना आकाशातून येणारी शिक्षा १९१९ पासून परिचित होती. आणि विमान येण्याच्याही आधी, त्यांना न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचता येणार नाही अशी व्यवस्था कायद्यानेच करून ठेवली होती. यंत्र नंतर आले. त्याच्यासाठी मोकळी जागा आधीच तयार होती.

वझिरीस्तान म्हणजे आजच्या पाकिस्तानच्या वायव्येस, अफगाण सीमेला लागून असलेला, वझीर आणि महसूद या पश्तून जमातींचा मुलूख. १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर ब्रिटिशांची हद्द या डोंगरांच्या पायथ्याशी भिडली आणि १८९३ मध्ये आखलेल्या ड्युरँड रेषेने हे डोंगर कागदोपत्री ब्रिटिश प्रभावक्षेत्रात आले. मात्र सपाटीवरच्या जिल्ह्यांत जे महसुली आणि न्यायालयीन प्रशासन उभे राहिले ते या डोंगरांत कधीच नेले गेले नाही. तेथे पोलिटिकल एजंट हा अधिकारी नेमला गेला, जो जमातींच्या प्रमुखांना, म्हणजे मलिकांना, तनखे देऊन त्यांच्यामार्फत कारभार पाही, आणि ज्याच्या हाती तपास, न्याय व शिक्षा हे तिन्ही अधिकार एकवटलेले असत.

या कारभाराचा पाया १९०१ च्या सरहद्द गुन्हे नियमावलीत सापडतो. लॉर्ड कर्झनने त्याच वर्षी वायव्य सरहद्द प्रांत पंजाबपासून वेगळा केला आणि आधीच्या १८७२ व १८८७ च्या नियमांना सुधारित रूप दिले. या नियमावलीनुसार खटला न्यायालयाऐवजी सरकारने नेमलेल्या जिरग्यापुढे, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या सभेपुढे, ठेवता येत असे; आरोपीला वकील नव्हता आणि निकालाविरुद्ध नेहमीच्या न्यायालयांत अपील नव्हते. तिचे सर्वांत दूरगामी तत्त्व मात्र सामूहिक जबाबदारीचे होते. एका माणसाच्या अपराधासाठी त्याच्या कुळातील किंवा जमातीतील कोणालाही अटक करणे, त्यांची गुरे व मालमत्ता जप्त करणे, साऱ्या गावावर दंड बसवणे, किंवा जमातीची नाकेबंदी करून तिला सपाटीवरच्या बाजारात येण्यास बंदी घालणे हे सारे तिच्या आधारे कायदेशीर ठरत असे. व्यक्तीचा अपराध व्यक्तीपुरता असतो हे आधुनिक फौजदारी न्यायाचे पहिले सूत्र येथे मुद्दाम बाजूला ठेवले गेले होते.

त्याच सुमारास युरोपात आकाशातील युद्धाला कायद्याची चौकट देण्याचे प्रयत्न चालू होते. १८९९ च्या हेग परिषदेत, विमानाचा शोधही लागला नव्हता तेव्हा, फुग्यांतून वा तत्सम नव्या साधनांतून स्फोटके टाकण्यावर पाच वर्षांची बंदी घालणारा जाहीरनामा मान्य झाला. १९०७ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले, परंतु जर्मनी व फ्रान्ससारख्या लष्करी सत्तांनी ते स्वीकारले नाही. १ नोव्हेंबर १९११ रोजी जुलिओ गाव्होत्ती या इटालियन वैमानिकाने लिबियात विमानातून बाँब टाकले, तेव्हा या बंदीचे बळ किती तोकडे होते ते दिसून आले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२२-२३ मध्ये हेग येथे कायदेतज्ज्ञांच्या आयोगाने हवाई युद्धाची नियमावली तयार केली. नागरी लोकसंख्येत दहशत पसरवण्यासाठी बाँबफेक करण्यास तिने मनाई केली आणि केवळ लष्करी लक्ष्यांवरचा हल्लाच वैध मानला. पण कोणत्याही राष्ट्राने ती करार म्हणून स्वीकारली नाही. शिवाय या साऱ्या नियमांत एक मूलभूत मर्यादा होती. ते परस्परांना राष्ट्र म्हणून ओळखणाऱ्या सत्तांमधील युद्धाविषयी होते. महसूद किंवा वझीर जमात राष्ट्र नव्हती, त्यामुळे तिच्यावरील कारवाई युद्ध न ठरता पोलिसी बंदोबस्त ठरत असे, आणि बंदोबस्ताला युद्धाचे नियम लागू नाहीत असे मानले जाई. परिणामी हे लोक नागरिकाच्या हक्कांना मुकले होतेच, शत्रूला मिळणाऱ्या संरक्षणालाही मुकले.

१९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात ब्रिटिश विमानांनी जलालाबाद आणि काबूलवर बाँब टाकले, आणि त्यानंतर सरहद्दीवरील जमातींविरुद्ध विमानांचा वापर नेहमीचा झाला. महायुद्धाने ब्रिटनची तिजोरी रिती केली होती, आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या हवाई दलाला आपले अस्तित्व समर्थनीय ठरवायचे होते. हवाई दलप्रमुख ह्यू ट्रेंचर्ड यांनी असा युक्तिवाद मांडला, की दुर्गम मुलखात हजारो सैनिकांच्या मोहिमा पाठवण्यापेक्षा मूठभर विमानांनी वचक ठेवणे स्वस्त आणि परिणामकारक आहे. १९२० मध्ये सोमालीलँडमध्ये व १९२२ पासून इराकमध्ये हा प्रयोग झाला आणि त्याला ‘हवाई नियंत्रण’ असे नाव मिळाले. कमी खर्च, आपल्या बाजूचे अत्यल्प बळी आणि जमिनीवर पाय न ठेवता मिळणारी हुकमत या तिन्ही गोष्टी पुढे ड्रोनच्या समर्थनातही जवळजवळ याच क्रमाने मांडल्या गेल्या.

वझिरीस्तानात या धोरणाची कसोटी मार्च ते मे १९२५ मध्ये लागली. दक्षिण वझिरीस्तानातील काही महसूद कुळांविरुद्ध विंग कमांडर रिचर्ड पिंक यांच्या नेतृत्वाखाली हवाई दलाने पायदळाच्या मदतीवाचून स्वतंत्र मोहीम चालवली. टाँक आणि मिरानशाह येथील धावपट्ट्यांवरून ब्रिस्टल फायटर व डीएच-९ए जातीची विमाने ५४ दिवस उड्डाणे करत राहिली आणि त्यांनी दीडशे टनांहून अधिक बाँब टाकले. विमाने येऊ लागली की माणसे, गुरे व शेळ्यामेंढ्या यांनी गुहांचा आश्रय घ्यावा, शेते ओस पडावीत, चराईला बाहेर पडता येऊ नये आणि अखेर या कोंडमाऱ्याला कंटाळून कुळाने अटी मान्य कराव्यात, असे या मोहिमेचे गणित होते. १ मे रोजी ती संपली तेव्हा ब्रिटिश बाजूचे दोन जण मृत्यू पावले होते. तिच्यासाठी काढलेले पदकाचे विशेष पट्टीचिन्ह तीनशेहून कमी जणांना मिळाले. विजेत्यांच्या हानीचा आणि सन्मानाचा हिशेब इतका नेमका ठेवणाऱ्या राजवटीने बाँबखाली मेलेल्या माणसांचा तसा हिशेब ठेवला नाही, ही विषमता पुढील शतकभर कायम राहिली.

या पद्धतीचे एक अंग मात्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. बाँबफेकीपूर्वी मलिकांना निरोप धाडून आणि विमानातून पत्रके टाकून सूचना दिली जाई. अमुक कुळाने दंड भरावा, बंदुका जमा कराव्यात किंवा अपराधी हवाली करावेत, अन्यथा अमुक ओढ्यापासून अमुक डोंगरधारेपर्यंतचा प्रदेश प्रतिबंधित समजला जाईल, असा मजकूर त्यांत असे. १९३० च्या दशकात याची ठरीव रीत पडली होती : पहिला इशारा पांढऱ्या पत्रकाने आणि हल्ल्यापूर्वी चोवीस तासांचा अखेरचा इशारा लाल पत्रकाने दिला जाई. मुदत संपल्यावर त्या पट्ट्यात दिसणारा कोणीही लक्ष्य ठरे. समर्थकांच्या मते ही दयाळू व्यवस्था होती, कारण निघून जाण्यास अवधी मिळत असे. परंतु पत्रक वाचता न येणाऱ्या कुटुंबाने, म्हाताऱ्यांना व जनावरांना घेऊन, उभे पीक सोडून जायचे कोठे, हा प्रश्न त्या दयेत नव्हता. आणि ज्यांनी काही केलेच नव्हते त्यांना घराबाहेर काढण्याचा अधिकार कोठून आला, हाही नव्हता. तरीसुद्धा शिक्षा करण्यापूर्वी कारण सांगावे आणि ती टाळण्याचा मार्ग दाखवावा, एवढे कर्तव्य त्या साम्राज्याने निदान तत्त्वतः मान्य केले होते.

हे धोरण ब्रिटनला किती प्रिय होते ते जिनीव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत दिसले. मार्च १९३३ मध्ये ब्रिटनने मांडलेल्या मसुद्यात आकाशातून बाँब टाकणे संपूर्णपणे बंद करण्याचा प्रस्ताव होता, परंतु त्याला दूरवरच्या काही प्रदेशांतील पोलिसी प्रयोजनाचा अपवाद जोडलेला होता. परिषद इतर अनेक कारणांनी फसली. तरी युरोपातील शहरांना जे अभय हवे होते ते सरहद्दीवरील गावांना नाकारण्याची ही तरतूद नैतिक दृष्ट्या असमर्थनीय होती. पुढच्या दहा वर्षांत युरोपातील शहरे बेचिराख झाली, आणि त्या बाँबफेकीचे एक सूत्रधार आर्थर हॅरिस यांनी आपल्या कारकिर्दीची सुरुवातीची वर्षे इराक व वायव्य सरहद्दीवर काढली होती, हे विसरता येत नाही.

१९३६ मध्ये मिर्झा अली खान, अर्थात इपीचा फकीर, याने उत्तर वझिरीस्तानात उठाव केला, तेव्हा हजारोंच्या फौजेबरोबर विमानेही पुन्हा कामाला लागली. या टप्प्याशी भारताचा थेट संबंध आहे. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवाई दलाच्या पहिल्या तुकडीने वापिटी विमानांसह आपला पहिला लढाऊ अनुभव १९३७ पासून याच मिरानशाहच्या तळावर घेतला. पुढे स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय हवाई दलप्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी आणि त्यांच्यानंतर ते पद भूषवणारे अस्पी इंजिनियर हे दोघेही या मोहिमांत होते. दुसरीकडे जवाहरलाल नेहरूंनी १९३७ मध्ये सरहद्दीवरील बाँबफेकीवर जाहीर टीका केली. एकाच पिढीतील भारतीयांच्या वाट्याला या इतिहासाच्या दोन्ही बाजू आल्या होत्या, आणि म्हणून तो भारतीय वाचकासाठी परक्या देशाचा इतिहास राहत नाही.

१९४७ नंतर पाकिस्तानने वझिरीस्तानातील छावण्यांतून सैन्य मागे घेतले, परंतु १९०१ ची नियमावली जशीच्या तशी ठेवली. १९७३ च्या राज्यघटनेच्या २४७ व्या कलमानुसार, राष्ट्रपतींनी निर्देश दिल्याखेरीज संसदेचा कोणताही कायदा या केंद्रशासित जमाती क्षेत्रांना लागू होत नव्हता, आणि सर्वोच्च व उच्च न्यायालयांना तेथे अधिकारक्षेत्र नव्हते. प्रौढ मताधिकार मिळण्यास १९९६ उजाडले. घटनेने ज्यांना देशाचे रहिवासी म्हटले, त्यांना त्याच घटनेने न्याय मागण्याचे स्थान नाकारले. हीच पोकळी २००१ नंतर अफगाणिस्तानातून आलेल्या अल कायदा व तालिबानच्या लढवय्यांनी वापरली, आणि तिचाच वापर अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेनेही केला. स्थानिक माणसे या दोहोंच्या कात्रीत सापडली; ज्या मलिकांनी सशस्त्र गटांना विरोध केला त्यांच्यापैकी शेकडो जणांची त्या गटांनी हत्या केली, हेही तितकेच खरे आहे.

१८ जून २००४ रोजी वानाजवळ नेक मुहम्मद वझीर हा तालिबानी म्होरक्या ठार झाला. पाकिस्तानी लष्कराने तो आपला हल्ला असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात तो पाकिस्तानातील पहिला अमेरिकी ड्रोन हल्ला होता. तेथून गुप्त संमती आणि जाहीर निषेध यांचा दीर्घ सिलसिला सुरू झाला. बलुचिस्तानातील शम्सी हा तळ २०११ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेच्या वापरात होता, आणि आपण काही हल्ल्यांना परवानगी दिली होती असे परवेझ मुशर्रफ यांनी २०१३ मध्ये मान्य केले. शोधपत्रकारितेच्या लंडनस्थित ब्युरोच्या नोंदींनुसार २००४ ते २०१८ या काळात पाकिस्तानात सुमारे ४३० हल्ले झाले आणि त्यांत किमान अडीच हजार माणसे मारली गेली. त्यांतील नागरिकांची संख्या ४२४ ते ९६९ च्या दरम्यान असल्याचा अंदाज आहे. या दोन टोकांमधील अंतर सांख्यिकीपुरते नाही. मृतांची ओळख पटवण्याची जबाबदारी कोणत्याही सरकारने घेतली नाही, त्याचे ते माप आहे.

या हल्ल्यांच्या वैधतेचा प्रश्न तीन पातळ्यांवर उभा राहतो. पहिली पातळी सार्वभौमत्वाची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) दुसऱ्या राष्ट्राविरुद्ध बळाचा वापर निषिद्ध ठरवते आणि कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा अपवाद देते. संबंधित राष्ट्र आपल्या भूमीवरील धोका रोखण्यास अनिच्छुक किंवा असमर्थ असेल तर हा अपवाद लागू होतो, अशी अमेरिकेची भूमिका होती, जी अनेक राष्ट्रांना व कायदेपंडितांना मान्य नाही. दुसरी पातळी युद्धाच्या कायद्याची. लढवय्ये व नागरिक यांत भेद करणे, अपेक्षित लष्करी लाभाच्या तुलनेत नागरी हानी अवाजवी होऊ न देणे आणि हल्ल्यापूर्वी शक्य ती खबरदारी घेणे ही त्याची तीन तत्त्वे आहेत. परंतु हा कायदा सशस्त्र संघर्ष चालू असेल तेथेच लागू होतो, आणि संघटनेचा सदस्य जेथे जाईल तेथे संघर्षही जातो असे मानले, तर साऱ्या पृथ्वीचेच रणांगण होते. तिसरी पातळी मानवाधिकारांची. संघर्षाबाहेर कोणाचा प्राण घेणे केवळ तत्काळ आणि अन्यथा न टळणारा धोका असेल तरच क्षम्य ठरते. अमेरिकेच्या न्यायखात्याच्या, स्वतःच्या नागरिकांविषयीच्या एका टिपणाने, जे २०१३ मध्ये उघड झाले, तत्काळ धोक्यासाठी नजीकच्या विशिष्ट हल्ल्याचा स्पष्ट पुरावा आवश्यक नाही असे म्हटले. तसे केल्यावर त्या अटीत अर्थ असा उरत नाही.

२००८ नंतर नाव माहीत नसलेल्या माणसांवर, केवळ त्यांच्या वागण्याच्या धाटणीवरून हल्ले होऊ लागले. शस्त्रे बाळगणारे पुरुष, एकत्र जमलेला समूह, विशिष्ट घरी होणारी ये-जा अशा लक्षणांवरून शत्रुत्व ठरवले जाई. वझिरीस्तानात प्रौढ पुरुषाने बंदूक बाळगणे ही रीत आहे आणि सभा भरवणे हा तेथील जगण्याचाच भाग आहे. १७ मार्च २०११ रोजी उत्तर वझिरीस्तानातील दत्ता खेल येथे क्रोमाइट खाणीच्या वादावर तोडगा काढण्यासाठी मोकळ्या जागेत जिरगा भरला होता. त्यात वडीलधारे मलिक होते आणि खासादार, म्हणजे खुद्द सरकारच्या पगारावरील जमातीचे शिपाईही होते. स्थानिक प्रशासनाला सभेची आधीच कल्पना होती. क्षेपणास्त्रांनी चाळीसच्या आसपास माणसे मारली गेली. जमलेल्यांत तालिबानचे काही जण होतेही. पण त्यामुळे पूर्ण जिरगा शत्रू ठरत नाही. पाकिस्तानच्या लष्करप्रमुखांनी या हल्ल्याचा उघड निषेध केला. सामूहिक जबाबदारीचे १९०१ चे तत्त्व येथे नव्या रूपात परतले होते : तेव्हा कुळ दोषी धरले जाई, आता जवळ असणे दोषास पुरेसे ठरले.

या व्यवस्थेविरुद्धचे पहिले ठाम कायदेशीर मत एका पाकिस्तानी स्त्रीने नोंदवले होते. संयुक्त राष्ट्रांच्या न्यायबाह्य हत्यांविषयीच्या विशेष प्रतिवेदक असलेल्या लाहोरच्या वकील आस्मा जहांगीर यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेने येमेनमध्ये केलेल्या ड्रोन हल्ल्याला न्यायबाह्य हत्येचे उदाहरण म्हटले. २०१३ मध्ये पेशावर उच्च न्यायालयाने, घटनेतील अडसर असूनही पीडितांच्या वतीने आलेली याचिका ऐकून, हे हल्ले बेकायदा व युद्धगुन्ह्याच्या स्वरूपाचे ठरवले आणि सरकारला ते थांबवण्याचे आदेश दिले. निकालाची अंमलबजावणी झाली नाही, परंतु वझिरीस्तानातील मृतांची बाजू एका न्यायालयात मांडली गेली आणि नोंदली गेली, हीच त्या भूमीच्या इतिहासात मोठी घटना होती.

नीतीच्या दृष्टीने पाहता ड्रोनचे समर्थक अचूकतेचा मुद्दा मांडतात, आणि १९२५ च्या बाँबांशी तुलना करता तो खोटा नाही. परंतु अचूकता म्हणजे नेम, न्याय नव्हे. कोणावर नेम धरायचा हे ठरवणारी माहिती चुकीची असेल, तर अचूक यंत्र चुकीच्या माणसालाच अचूकपणे मारते. ऑक्टोबर २०१२ मध्ये उत्तर वझिरीस्तानात शेतात भाजी खुडणारी एक आजी नातवंडांच्या देखत मारली गेली. वर्षभराने तिचे कुटुंब वॉशिंग्टनला जाऊन प्रतिनिधींसमोर बोलले, तेव्हा ऐकायला मोजकेच सदस्य हजर होते, आणि तिला का मारले याचे उत्तर कोणी दिले नाही. उलट जानेवारी २०१५ मधील हल्ल्यात ओलीस असलेले एक अमेरिकी व एक इटालियन नागरिक मारले गेले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सुमारे तीन महिन्यांनी जाहीरपणे जबाबदारी घेऊन क्षमा मागितली. ती क्षमायाचना योग्यच होती, आणि म्हणूनच वझीर कुटुंबांना तिचा तितकाच हक्क होता.

मे २०१८ मध्ये पाकिस्तानच्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने हा प्रदेश खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाला, २४७ वे कलम रद्द झाले आणि १९०१ च्या नियमावलीचे युग संपले. अमेरिकी हल्लेही त्याच वर्षी थांबले. या दोन घटनांत कार्यकारणभाव दाखवता येत नाही. पण कायदा पोहोचला म्हणून मागचा हिशेब पुरा होत नाही, कारण मृतांची अधिकृत यादी, हल्ल्यांची कारणे आणि भरपाई यांपैकी काहीही त्या कुटुंबांपर्यंत आलेले नाही.

सशस्त्र ड्रोन आज अनेक देशांकडे आहेत आणि भारतानेही २०२४ मध्ये ३१ एमक्यू-९बी विमानांचा करार केला आहे. राष्ट्राला आपल्या रक्षणासाठी शस्त्रे लागतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कोणाला, कोणत्या पुराव्यावर, कोणाच्या आदेशाने मारले हे नोंदवण्याचे बंधन, चूक झाल्यास ती कबूल करण्याची रीत आणि मृताच्या वारसाला दाद मागण्यासाठी उघडे असलेले न्यायालय, या तीन गोष्टी शस्त्र उडण्याआधी सिद्ध असल्या पाहिजेत. वझिरीस्तानात त्या नव्हत्या, आणि त्या नसण्याची किंमत शंभर वर्षे तेथील सामान्य माणसांनी चुकवली.